मिनी लेथवर बिडाचं काम: स्टुअर्ट १०व्ही करताना आलेला अनुभव

माझ्या लेथचा (धातू फिरवत कापणाऱ्या मशीनचा) मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोल बोर्ड जळाला आणि वॉरंटी शिल्लक असूनही विक्रेत्याने हात वर केले, म्हणून हे लिहितोय. मशीन म्हणजे नेहमीचा ७×१४ चायनीज मिनी लेथ, म्हणजे सात इंच व्यासाचं आणि चौदा इंच लांबीचं काम मावेल एवढा. घेतला एकाच कामासाठी: स्टुअर्ट १०व्ही या वाफेच्या छोट्या मॉडेल इंजिनाची बिडाची (ओतीव लोखंडाची) कास्टिंग्ज सांगलीत घरच्या घरी मशीन करायची होती. पाऊण इंच बोअर (सिलिंडरचं भोक), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन इंची फ्लायव्हील (जड चाक). एवढंसं इंजिन, पण त्या फ्लायव्हीलने मशीनची खरी लायकी दाखवली.

आधी चांगलं सांगतो. सिलिंडर फोर-जॉ चकात (चार जबड्यांच्या पकडीत) धरून आतून बोअर केला आणि त्याच सेटिंगमध्ये टोकाची कडा, म्हणजे फ्लँज, सपाट कापली, त्यामुळे दोन्ही एकमेकांना काटकोनात आले. शेवटी टूल पुढे न घेता त्याच मापावर दोनदा फिरवलं, म्हणजे बोअरिंग बार दबल्यामुळे राहिलेलं निघून येतं. बोअर गेजने पाहिलं तर दोन्ही टोकांतला फरक एक शतांश मिमीच्या आत! बिडाला कूलंट लागत नाही, त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. फक्त काळी भुकटी बेड घासते, म्हणून कागद अंथरायचा. या पैशात असं मशीन मिळणार नाही, असं मी तेव्हा दोघा-तिघांना सांगितलंही होतं.

ते मत फ्लायव्हील चढवल्यावर बदललं. ओतलेल्या बिडाची वरची कातडी कडक असते, तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. पातळ कड साच्यात पटकन गार झाली तर तिथलं बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं. कुपवाड एमआयडीसीत जन्म काढलेले आमच्या गल्लीतले टर्नर मामा फ्लायव्हीलच्या रिमवरून (बाहेरच्या कडेवरून) अंगठा फिरवत म्हणाले, "वरनं खरडत बसू नकोस. पैला कट कातडीच्या खालनं घे, न्हाईतर टूल जातंय."

घेणार कसा? हायस्पीड स्टीलच्या टूलने बीड कापायचं तर मिनिटाला वीसेक मीटर वेग धरतात. ७६ मिमी व्यासाला ते साधारण ८४ आरपीएम (मिनिटाला फेरे) होतात. हे मशीन १०० च्या खाली जात नाही आणि तिथे त्याच्यात जीवच नसतो. गिअरने वेग उतरवला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो. इथे नॉबने उतरवतात, त्यामुळे वेगाबरोबर ताकदही उतरते. शिवाय थंड करणारा पंखा मोटरच्याच शाफ्टवर, म्हणजे मोटर जास्त करंट ओढते नेमकी तेव्हाच तिला वारा कमी मिळतो. अर्धा मिमी कट दिला की चक थांबायचा. अशातच एकदा जळका वास आला आणि सगळं बंद.

फोनवर उत्तर मिळालं, "हे ॲल्युमिनियम-पितळेसाठी आहे सर, बिडाचा लोड वॉरंटीत बसत नाही." माहितीपत्रकात असं एक अक्षर नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथे लोखंडी नांगर बनू लागले. त्या जिल्ह्यातल्या गिऱ्हाईकाला लेथवर बीड चालत नाही म्हणून सांगायचं? माझा संताप अजून गेलेला नाही.

मिरजेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने बोर्डवरचा मॉस्फेट (मोटरचा करंट सांभाळणारा भाग) बदलून दिला, नव्या बोर्डाच्या पाव किमतीत. त्यानंतर जास्त वेग सोसणारी कार्बाइड टिप लावून ३०० आरपीएमवर, बारीक फीडने (टूल हळूहळू सरकवत) कातडीखालचा कट घेतला. मोटर गरम झाली नाही, रिम स्वच्छ निघाली. त्यामुळे मशीन टाकाऊ आहे असं आता म्हणणार नाही. पण कमी वेगाचा जोर हा दोष माझ्या लेखी बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा आहे, कारण बिडाच्या कामाची सुरुवातच तिथून होते.

घेणार असाल तर ७५ मिमीचा बिडाचा तुकडा दुकानात सोबत न्या आणि १०० आरपीएमला एक मिमी कट घेऊन दाखवायला लावा. नुसता चक मोकळा फिरवून दाखवला तर पैसे देऊ नका. दुरुस्तीचे पैसे मी सोडलेले नाहीत. पावती आणि माहितीपत्रक जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय.