पॉवर बँक : गणपतीपासून शिमग्यापर्यंत वापरल्यावर

शिमग्याची पालखी दारावरून गेली त्याच आठवड्यात पॉवर बँकेचं टाईप सी पोर्ट ढिलं झालं. पिन एका बाजूला दाबून धरली तर चार्ज होणार, हात सोडला की बंद. गणपतीच्या आधीच्या सेलमध्ये अठराशेच्या आसपास घेतलेली, २०००० एमएएच, २२.५ वॅट, दोन जुने यूएसबी पोर्ट आणि एक टाईप सी, सगळीकडे दिसते तीच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण शेवटी तक्रार मिटली, पण मिटेपर्यंत जे काय झालं आणि त्याच्या आधी उरलेला पावसाळाभर जो त्रास काढला ते लिहायलाच पाहिजे.

घेतली कशासाठी ते आधी. आमचं गाव लांजा तालुक्यात, घर वाडीच्या टोकाला. पावसात फांदी पडली की लाईट गेली, कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या आमच्या पाहुण्यांकडे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन बंद, कोण कुठे आहे काही पत्ता नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून घरात एक मोठी पॉवर बँक भरून ठेवायची हे ठरलेलं. पहिली जुनी झाली म्हणून ही घेतली. घरात आई आणि बाबा दोघेच असतात, मी शनिवार-रविवार जातो, त्यामुळे माझ्यासाठी ही फॅशनची वस्तू नाही.

कपॅसिटीबद्दल लोक फार चिडतात की २०००० लिहिलंय आणि ५००० चा फोन चार वेळा भरत नाही, फसवलं. इथे मी कंपनीच्या बाजूने आहे. ते २०००० आतल्या सेलचं ३.७ व्होल्टला आहे, म्हणजे ७४ वॅट-अवर. बाहेर देताना ते ५ व्होल्ट करून द्यावं लागतं, त्यात आकडा कमी होतो, वर थोडी वीज उष्णतेत जाते. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात रेटेड कॅपॅसिटी लिहिलेली असते, ती बघायची. माझ्या पॉवर बँकेवर १२००० च्या आसपास आहे. फोन प्रत्यक्षात अडीच ते तीन वेळा भरतो आणि तेवढा भरला तर पॉवर बँक चांगली समजायची. ते मोठं २०००० पुढे आणि खरा आकडा मागे मुंगीच्या अक्षरात छापतात हे मात्र मला आवडत नाही.

आता माझी खरी तक्रार. बाबांच्या दोन्ही कानांना मशीन आहे, चार्जिंगवालं, रात्री डबीत ठेवायचं आणि डबी वायरने लावायची. लाईट गेली की डबी पॉवर बँकेला लावायची एवढा साधा हिशोब होता. आईने लावली, दिवा लागला, ती झोपली. सकाळी मशीन मेलेलं. तिला वाटलं वायर नीट बसली नाही. दुसऱ्या वेळी मी स्वतः समोर बसून बघितलं, तर लावल्यावर अर्ध्या-एक मिनिटात पॉवर बँक गपचूप बंद. पुन्हा बटन दाबलं, पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा बंद.

कारण असं की पॉवर बँक सतत बघत असते की समोरचं यंत्र किती करंट ओढतंय. फोन भरपूर ओढतो, त्यामुळे चालू राहते. कानाच्या मशीनची बॅटरी एवढीशी, डबी इतकं कमी ओढते की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही किंवा फोन भरला, म्हणून ती स्वतःची बॅटरी वाचवायला बंद होते. इअरबड्स, मनगटावरचा बँड, छोटा एलईडी दिवा, सगळ्यांना हाच प्रॉब्लेम येऊ शकतो. तुम्ही म्हणाल इअरबड्स नाही भरले तर काय बिघडलं. बिघडत नाही. पण बाबांचं मशीन बंद असलं की दाराशी कोण आलं ते त्यांना कळत नाही, फोन वाजलेला कळत नाही, आई आतल्या खोलीतून हाक मारत राहते आणि ते पुढच्या पडवीत बसलेले असतात. वादळाच्या रात्री घरातल्या दोघांपैकी एकाला काही ऐकूच येत नाही ही छोटी गोष्ट नाही. म्हणून माझ्या दृष्टीने बाकी सगळं चांगलं असूनही ही वस्तू नापास होती आणि उरलेला पावसाळाभर नापासच राहिली.

तेव्हा मी एक जुगाड केला होता, एका पोर्टला डबी आणि दुसऱ्या पोर्टला फोन. फोन करंट ओढतोय तोपर्यंत पॉवर बँक बंद पडत नाही आणि त्याच्यासोबत डबीही भरते. पण फोन फुल्ल झाला की दोन्ही बंद. आणि लाईट नसताना फक्त डबीसाठी फोन भरत बसायचं म्हणजे पाव भाग चार्ज वाया. अजून एक, ही डबी टाईप सी टू टाईप सी वायरने अजिबात चार्ज होत नव्हती, जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरनेच होत होती. स्वस्तातल्या बऱ्याच वस्तूंमध्ये टाईप सीचं भोक देतात पण आत जो छोटा रेझिस्टर लागतो तो टाकत नाहीत, मग सी टू सी वायर लावली तर चार्जरला समोर काही आहे हेच कळत नाही. तुमची टॉर्च किंवा ट्रिमर नवीन वायरने चार्ज होत नसेल तर बिघडला समजून टाकू नका, आधी जुन्या यूएसबीची वायर लावून बघा.

तर शिमग्याला पोर्ट गेलं. वॉरंटी सहा महिन्यांची, वेबसाईटवर रजिस्टर केलं तर वर्षाची. मी घेतल्या दिवशीच रजिस्टर केलेली होती, बिलाचा फोटो ठेवलेला होता. भाचा घरी होता, तो म्हणाला मामा थांबा मी कस्टमर केअरला लावतो, आणि त्याने सर्च करून पहिला आलेला नंबर लावला. समोरचा हिंदीत इतका गोड बोलत होता की मला तिथेच शंका यायला लागली कारण खरं कस्टमर केअर एवढ्या पटकन उचलत नाही. त्याने मॉडेल विचारलं नाही, बिल विचारलं नाही. म्हणाला रिप्लेसमेंट मंजूर झालीय, फक्त दहा रुपये रजिस्ट्रेशन भरा, व्हॉट्सअपवर फॉर्म पाठवतो. आलं ते फॉर्म नव्हता, एपीके फाईल होती, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. भाचा त्यावर बोट ठेवणार तेवढ्यात मी फोन हातातून घेतला आणि कट केला.

हे नीट समजून घ्या कारण दहा रुपयांचा विषय नसतोच. ती फाईल इन्स्टॉल झाली की परवानग्या मागते, आपण घाईत ओके ओके करतो, आणि मग तुमचे मेसेज त्यांना दिसायला लागतात, म्हणजे बँकेचा ओटीपी तुम्ही कोणाला सांगितला नाही तरी तो त्यांच्याकडे जातो. दहा रुपये भरायला जे पान उघडतं तेही त्यांचंच, तिथे तुम्ही कार्ड किंवा पिन टाकावा म्हणून दहा रुपये. काहीजण फाईल न पाठवता स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगतात, प्रकार तोच. प्ले स्टोअरच्या बाहेरून व्हॉट्सअपवर आलेलं ॲप टाकायचं नाही, मग ते लग्नपत्रिकेच्या नावाने येऊ दे, आरटीओच्या चलनाच्या नावाने येऊ दे नाहीतर बँकेच्या. बाबांना मागे एकदा मेसेज आलेला की बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या ऑफिसरला फोन करा, खाली साधा दहा आकडी मोबाईल नंबर. महावितरणचा मेसेज कोणाच्या खाजगी मोबाईलवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल असतं. आणि जिथे रोज लाईट जाते तिथे असा मेसेज किती खरा वाटतो ते शहरातल्या माणसाला कळणार नाही.

तो कस्टमर केअरवाला नंबर मी सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर चक्षूमध्ये, म्हणजे संशयास्पद कॉल कळवायच्या जागी, जाऊन रिपोर्ट केला. आमचे पैसे गेले नव्हते म्हणून तिथे. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, पोलीस स्टेशनला नंतर जा, आधी १९३०, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तर येतात.

मग खरा नंबर कुठे मिळाला तर खोक्यावर. आईने खोकं कपाटावर ठेवलेलं, ती कुठल्याच वस्तूचं खोकं टाकत नाही. पॅक केलेल्या मालावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापलाच पाहिजे असा नियमच आहे, लीगल मेट्रॉलॉजीचा म्हणजे वजनमापांचा, २०११ चा. म्हणजे प्रत्येक चार्जर, वायर, इअरफोन, पॉवर बँकेच्या खोक्यावर खरा नंबर असतो आणि आपण तो सोडून सर्च करतो, आणि चोर तिथेच बसलेले असतात. आता मी खोक्याच्या त्या बाजूचा फोटो काढून बिलाच्या फोटोसोबत ठेवतो. या पूर्ण पोस्टमधलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं करा.

त्यांनी रत्नागिरीचं सर्व्हिस सेंटर दिलं. तिथल्या मुलाने पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं आणि दोन सेकंदात सांगितलं लिक्विड डॅमेज, वॉरंटीत नाही बसत. मी म्हटलं पाणी कुठे गेलंय ते दाखव. तो म्हणे ओलावा आहे. अरे कोकणात ओलावा सगळीकडेच आहे, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मग इथे वस्तू विकूच नका ना. मी शांतपणे एकच मागितलं, जे म्हणतोयस ते जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर, लिहून दे आणि पाणी दिसतंय त्याचा फोटो दे. जॉब शीट दिली, फोटो नाही दिला. तिथेच गाडीत बसून १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, बिल आणि जॉब शीट जोडली. जिथून घेतली त्या वेबसाईटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार अधिकाऱ्याला) पण ईमेल टाकला, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत त्यांना ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. भांडून घसा कोरडा करण्यापेक्षा कागद जास्त काम करतो. पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या ऑफिसमधून फोन आला, खऱ्या नंबरवरून, आणि रिप्लेसमेंट देतो म्हणाले.

आणि इथे माझं मत बदललं, पोर्टमुळे नाही. त्या फोनवर ज्या मॅडम होत्या त्यांना मी कानाच्या मशीनचं सगळं सांगितलं, की पोर्ट ठीक आहे हो पण तुमची वस्तू माझ्या वडिलांच्या कामाची नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सर बटन दोनदा पटापट दाबा, लो करंट मोड चालू होतो, मग छोट्या वस्तूसाठी बंद पडत नाही. मी चकित. जुन्या पॉवर बँकेचे यूएसबीवाले पोर्ट चालू होतेच, तिथेच दाबून बघितलं, दिवा वेगळा लागला, डबी लावली, चालू राहिली. दोन तासांनी तो मोड आपोआप जातो, बाबांच्या मशीनला तीनेक तास लागतात, म्हणजे मध्ये एकदा उठून परत दोनदा दाबायचं. आईला शिकवलं, तिला जमतं.

आनंद खूप झाला, बाबांनाही झाला. पण रागही तेवढाच आला. ही गोष्ट खोक्यावर नाही. आतल्या पत्रकावर इंग्रजी-हिंदीत सावधानतेच्या ओळी भरभरून आहेत, पाण्यात टाकू नका, आगीत टाकू नका, आणि बटन दोनदा दाबा हे एक वाक्य नाही. उरलेला पावसाळा आम्ही त्या वाक्यावाचून काढला. तुमच्याकडे कुठलीही पॉवर बँक असेल आणि छोटी वस्तू लावली की बंद पडत असेल तर बटन दोनदा दाबून किंवा दोन-तीन सेकंद धरून बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये हा मोड असतो. सगळ्यांत नसतो, म्हणून नवीन घेताना दुकानात इअरबड्सची डबी लावून पाच मिनिटं थांबा, दुकानदार वैतागला तरी चालेल.

एसटी स्टँडवर आणि रेल्वेत तीनशे-चारशेला २०००० वाली मिळते ती घेऊ नका. हातात घेऊन बघा, खऱ्या वीस हजारवाल्याचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त असतं कारण तेवढे सेल आत बसवावेच लागतात, दीडशे-दोनशे ग्रॅममध्ये २०००० असूच शकत नाही. वाण्याच्या काट्यावर टाकली तरी कळेल. वजन वाढवायला आत भलतंच काही भरणारेही असतात, म्हणून बीआयएसचा (मालाचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था) आर ने सुरू होणारा आठ आकडी नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. फुगायला लागली तर वापर बंद, पावसाळा असो की काही असो. उशीखाली ठेवून फोन लावू नका. विमानाने जाणार असाल तर चेक इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची, १०० वॅट-अवरच्या आत चालते म्हणजे ही ७४ वाली चालते.

नवीन युनिट येऊन महिना होत आला. पोर्ट घट्ट आहे, सोबतची वायर पहिल्यासारखीच आखूड आहे, प्लगपासून टेबलापर्यंत पुरत नाही. बाबांचं मशीन आता लाईट गेली तरी रात्रभरात भरतं. आधी दोन स्टार ठरवले होते, आता चार देतो. पाचवा राखून ठेवलाय, पत्रकात ती बटनाची ओळ मराठीत छापून आली की देईन, तसा ईमेल कंपनीला पाठवलाय आणि अजून उत्तर आलेलं नाही.