यूपीसी १२३७ वाला स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड: जुन्या स्पीकरसाठी घ्यावा का?

घ्यावा. पण हा बोर्ड लावला म्हणजे स्पीकर जळणारच नाही, ही समजूत सांगली-मिरजेत बऱ्याच जणांची आहे आणि ती अर्धीच खरी आहे.

बोर्ड साधा आहे: आठ पायांचा यूपीसी १२३७ आयसी, रिले (विजेने उघडणारा-मिटणारा स्विच), एक एलईडी. आयसी अँपच्या आउटपुटवर नजर ठेवतो. तिथे डीसी, म्हणजे एकाच दिशेचा व्होल्टेज, आला की रिले सुटतो आणि स्पीकर वेगळा होतो. अँप सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद थांबून स्पीकर जोडतो, त्यामुळे सुरुवातीचा 'धप्प' स्पीकरच्या कोनपर्यंत (हलणाऱ्या पडद्यापर्यंत) पोचत नाही.

डीसीचं काम तो चोख करतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल आहेत. ±३५ व्होल्टच्या अँपमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळे ३५ व्होल्ट थेट वूफरवर (जाड आवाजाच्या स्पीकरवर) येतात. ८ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर साधारण ६ ओहम दाखवते. हिशोब केला तर २०० वॅट, तेही अखंड. त्यात कोन एका बाजूला जाऊन अडकतो, हलत नाही, म्हणून कॉइलला हवाही लागत नाही. २०-३० वॅटचा जुना फिलिप्स किंवा सोनोडाइन यात काही सेकंदांत जातो, आणि त्याची मूळ कॉइल आता कुठे मिळायची?

आवाज वाढवून होणारा ओव्हरलोड मात्र या बोर्डला दिसतच नाही. अँप चेपला, म्हणजे ताकदीपलीकडे वाजवला, की आवाजाची लहर वरून-खालून सपाट होते, पण दोन्ही बाजूंनी सारखीच, म्हणजे सरासरी शून्य. आयसीच्या दृष्टीने सगळं ठीक. इकडे २० वॅटचा अँप पूर्ण चेपल्यावर ४० वॅटपर्यंत ताकद ओततो आणि पहिला बळी ट्विटरचा (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचा) जातो. त्यासाठी फ्यूजच हवा. स्पीकरचे वॅट भागिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३० वॅट, ८ ओहमला १.९ अँपिअर येतात. गाण्याची सरासरी त्याच्या बरीच खाली असते, म्हणून १ अँपिअरचा फास्ट ब्लो काचेचा फ्यूज स्पीकरच्या वायरीत घाला. स्लो ब्लो नको, तो उडेपर्यंत कॉइल गेलेली असते. एवढ्या फ्यूजने ट्विटर वाचत नाही, त्याच्या वायरीत वेगळा ५०० मिलीअँपिअरचा टाका. आणि आवाज फाटायला लागला की व्हॉल्यूम मागे घ्या, याला कुठलाच पार्ट पर्याय नाही. गणपतीत घरचे बॉक्स मंडपातल्या अँपला जोडायची वेळ आलीच, तर भोंग्यांच्या लांब वायरींसाठी असलेल्या १०० व्होल्ट लाइनच्या स्क्रूवर चुकूनही लावू नका.

बोर्डचा खरा कच्चा दुवा रिले आहे. त्यावर १० अँपिअर छापलेलं असतं, पण डीसीला ते ३० व्होल्टपर्यंतच. त्याहून जास्त व्होल्टचा डीसी तोडताना पॉइंटमध्ये ठिणगी धरून राहते आणि करंट वाहतच राहतो. उपाय छोटा आहे. बोर्ड उलटा करा, रिलेचा मोकळा सोडलेला नॉर्मली क्लोज पॉइंट (रिले सुटलेला असताना जोडलेला असतो तो) जाड वायरने ग्राउंडला सोल्डर करा. मग ठिणगी ग्राउंडकडे वळते, अँपचा फ्यूज उडतो, स्पीकर वाचतो. मात्र आधी मीटर लावून खात्री करा की रिलेच्या कॉमन पॉइंटवर (दोन्हीकडे फिरणाऱ्या) स्पीकरची वायर आहे. काही बोर्डांवर तिथे अँपची वायर असते. त्यावर हा बदल केलात तर अँपच शॉर्ट होईल.

सप्लाय अँपच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, १२ व्होल्ट एसीचा द्या. वेगळा डीसी अडॅप्टर लावला की अँप बंद झाल्याचं आयसीला कळत नाही आणि बंद करतानाचा ठोका स्पीकरवर जातोच. पावसाळ्यात लाइट दर तासाला ये-जा करते तेव्हा हे फार जाणवतं.

आउटपुटला मोठा कपॅसिटर असलेल्या सिंगल सप्लायच्या जुन्या अँपला आणखी एक गोष्ट लागते. रिले उघडा असताना तो कपॅसिटर चार्ज होत नाही, म्हणून रिले जोडताना नेमका तेव्हाच धप्प येतो. रिलेच्या आधी, अँपच्या बाजूने आउटपुट ते ग्राउंड २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला की २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वेळेत भरतो. ब्लूटूथवाल्या छोट्या क्लास डी बोर्डांना मात्र हा बोर्ड घेऊ नका. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आउटपुटच्या दोन्ही टोकांवर अर्धा सप्लाय कायम असतो, आयसीला तो डीसीच वाटतो, त्यामुळे रिले कधीच जोडणार नाही.

दुकानातच तपासून घ्या. बोर्डला सप्लाय द्या, रिले जोडल्याचा 'टिक' ऐका. बोर्डवर जिथे अँपची वायर येते त्या इनपुटला आणि ग्राउंडला ९ व्होल्टची बॅटरी टेकवा, रिले लगेच सुटला पाहिजे. मग बॅटरी उलटी करून पुन्हा. दोन्ही चॅनेलवर, दोन्ही दिशांनी. एका दिशेने सुटतो आणि दुसऱ्या दिशेने नाही, असा बोर्ड तिथेच बदलून मागा.