अंगणातला मोठा गॅस-तवा की चूल?

घरात वीस-पंचवीस माणसं जमली की एकेक धपाटं भाजणाऱ्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो. बाहेर मांडायचा सपाट गॅस-तवा तेव्हा खरंच कामाचा. खाली दोन-तीन बर्नर. एक मोठा, एक बारीक ठेवला की इकडे धपाटी, तिकडे वांग्याचे काप एकदमच निघतात. तेलावर भाजायचं काहीही त्यावर झकास होतं.

भाकरीचं मात्र जमत नाही. ज्वारीची भाकर तव्यावर पाणी फिरवून उलटायची आणि शेवटी आरावर फुगवायची. इथं जाळ पूर्ण झाकलेला. फडक्यानं दाबून फुगतेही, पण तो खरपूसपणा येत नाही. चुलीला तुराट्या-पऱ्हाट्या शेतातूनच मिळतात. धूर आहेच, तो सोसणाऱ्यांना विचारा.

गॅस-तव्याचा जाड पत्रा पावसाळ्यात तेल लावून झाकला नाही तर गंजतो. वारा सुटला की ताव उतरतो. धंद्यासाठी 14.2 किलोची घरगुती टाकी चालत नाही, व्यावसायिकच लागते, बहुतेक 19 किलोची.

नाश्त्याची गाडी किंवा ढाबा असेल तर गॅस-तवा डोळे झाकून विकत घ्या. चार माणसांच्या घरात मात्र तो वर्षभर अडगळीत पडेल. कार्यापुरता आचाऱ्याकडून भाड्यानं आणलेला बरा.