फाल्मथची रॉकपूल वॉक : त्या चिकटणाऱ्या माशासाठी नक्की जा

मे महिन्यात आई देवगडहून आमच्याकडे आलेली, तेव्हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला गेलो आणि तिथल्या फाल्मथच्या कॅसल बीचवर गाइडसोबतची दोन तासांची रॉकपूल वॉक केली, म्हणजे ओहोटीला खडकांत साचलेल्या पाण्यातले जीव बघत फिरायचं. मला कॉर्निश सकर बघायचाच होता. जेमतेम बोटाएवढा मासा, ६-७ सेंटीमीटरचा, अंगाला खवलं नाहीत, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं.

बुक करताना एकच गोष्ट बघा, ओहोटी उधाणाची आहे ना. हा मासा किनाऱ्याच्या अगदी खालच्या पट्ट्यात दगडांखाली राहतो, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब गेलं तरच तिथपर्यंत पोचता येतं, भांगाच्या दिवशी, म्हणजे पाणी थोडंच ओसरतं तेव्हा गेलात तर पैसे वाया.

गाइडने हात ओले करून एक दगड अलगद उलटा केला तर हा खालच्या बाजूला गोचडीसारखा घट्ट चिकटलेला!! पारदर्शक ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात सोडला तर तिथेही लगेच तळाला चिकटला, मग ट्रे वर धरून आम्ही खालून बघितलं, पोटाकडचे पर जुळून वाटीसारखी चकती झालेली स्पष्ट दिसते. लाटा एवढ्या आपटतात तरी तो जागचा हलत नाही तो ह्याच्या जोरावर. आणि डोक्यामागे दोन निळे ठिपके, आणखी दोन डोळे असल्यासारखे, काय सुंदर दिसतात!

दगडाला खालून पिवळी अंडी होती, त्यातल्या पिल्लांचे बारीक डोळे सुद्धा दिसत होते. पालक मासा अंड्यांची राखण करतो म्हणून गाइडने दगड होता तस्सा, त्याच बाजूने परत ठेवला, घाई अजिबात नाही. आईचं आयुष्य खडपात कालवं काढण्यात गेलंय, तिला हे फार आवडलं, म्हणाली, "बाय दगडाला जपते हो." माझे पूर्ण मार्क ह्यालाच. ही जात आणि तिची जुळी वाटणारी दुसरी जात २००२ पर्यंत एकच धरायचे, हेही तिथेच कळलं.

खटकलं एवढंच की कन्फर्मेशन मेलमध्ये जमायची जागा धड लिहिली नव्हती, शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि ओहोटीला पंधरा मिनिटं म्हणजे खूप असतात हो. हे त्यांनी सुधारायलाच हवं. ५ पैकी ४.५.

चपला नकोत, शेवाळावर पाय सटकतो, जुने ग्रिपवाले शूज घाला.