ओपनव्हीएसपीमध्ये विंगलेट: बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

एअरो डिझाइन स्पर्धेवाली पोरं आणि आरसी (रिमोट कंट्रोल) विमानवाले मित्र सारखे विचारतात की विंगलेटसाठी, म्हणजे विंगच्या टोकाला वर वळलेल्या भागासाठी, ओपनव्हीएसपी हे विमानाचा आकार काढायचं सॉफ्टवेअर शिकू का नेहमीचं कॅडच (संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) बरं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ओपनव्हीएसपी फुकट आहे, नासाचं आहे, 2012 पासून ओपन सोर्स आहे, झिप उघडली की चालू. दिसायला मात्र जुनाट, खिडकीवर खिडकी उघडत जाते, सुरुवातीला डोकं फिरतं.

पण विंगच्या बाबतीत याला तोड नाही. कॅडमध्ये आपण स्केच, स्प्लाइन, लॉफ्ट करत बसतो आणि स्वीप (विंग मागे झुकवायचा कोन) 2 अंशांनी बदलला की अर्धं मॉडेल एरर देऊन लाल होतं. इथे विंगच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे सेक्शनला, स्पॅन (लांबी), कॉर्ड (पुढून मागे रुंदी), स्वीप, ट्विस्ट (पीळ), डायहेड्रल (वर उचलायचा कोन) एवढे आकडे दिले की काम झालं, आणि आधीच्या सेक्शनचा टिप (टोकाचा) कॉर्ड तोच पुढच्याचा रूट (मुळाचा) कॉर्ड, त्यामुळे सांधा तुटत नाही. टोकाला एक सेक्शन जोडा, डायहेड्रल 5 चं 80 करा, विंगलेट तयार! म्हणजे बाजूने बघितलं तर तयार. समोरून बघा, उभा भाग पापडासारखा पातळ झालेला असतो, कारण एअरफॉइल, म्हणजे विंगच्या आडव्या छेदाचे आकार, अजून मूळ दिशेतच आहेत, नुसते एकावर एक सरकलेत, 90 अंशाला तर जाडी उरणारच नाही. त्यासाठी एअरफॉइल डायहेड्रलप्रमाणे फिरवायचा पर्याय तिथेच दिलाय, तो चालू करायचा. नवीन माणसाचं इथेच अडतं.

दुसरं म्हणजे वाक. एकाच उडीत 80 अंश दिलेत तर कोपरा येतो, 737-800 वर दिसतं तसं गोलसर वळण हवं असेल तर चार-पाच छोटे सेक्शन घाला आणि डायहेड्रल रिलेटिव्ह (आधीच्या सेक्शनपासून मोजलेला) करा, म्हणजे प्रत्येकाला 15-15 अंश दिले की ते आपोआप साठत जातात. कडा मग ब्लेंडिंग टॅबमधून गुळगुळीत होतात. हे सगळं पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहूनही करता येतं आणि खरी मजा तिथे आहे, रात्री लूप लावून झोपायचं, सकाळी वेगवेगळ्या डायहेड्रल आणि टो अँगलची (विंगलेट आत-बाहेर वळवायचा कोन) अख्खी रांग तयार.

आता व्हीएसपीएरो, म्हणजे याच्यासोबतचं हवेचे बल मोजणारं सॉफ्टवेअर. इथे जरा सावध. गणितासाठी पृष्ठभागाचे पाडलेले चौकोन, म्हणजे पॅनेल, मुख्य विंगवर लांबरुंद आणि विंगलेटच्या वाकात बारीक असे एकदम बदलले तर इंड्यूस्ड ड्रॅगचा (लिफ्ट तयार होताना येणारा हवेचा अडथळा) आकडा डळमळतो, म्हणून पॅनेल वाढवत जायचं आणि आकडा स्थिर झाला की मगच विश्वास ठेवायचा. स्पॅन एफिशिअन्सी (त्याच स्पॅनच्या आदर्श सपाट विंगच्या तुलनेत विंग किती कार्यक्षम, हा आकडा) 1 च्या वर गेली म्हणून घाबरू नका, 1 ही मर्यादा सपाट विंगची आहे, उभा भाग आला की ती ओलांडता येते. उलट विंग आणि विंगलेटच्या कोपऱ्यातलं सेपरेशन (हवा पृष्ठभागापासून सुटणं), ट्रान्सॉनिक (ध्वनीच्या जवळच्या) वेगातले शॉक, हे व्होर्टेक्स लॅटिसमध्ये, म्हणजे व्हीएसपीएरोच्या हिशोबाच्या पद्धतीत, दिसत नाहीत, दिसणारही नाहीत, ती पद्धतच तशी आहे. त्यामुळे मी दोन डिझाइनमधला फरक बघतो, सुटा आकडा कोणाला दाखवत नाही.

आणि फरक कशाशी बघायचा, हे कळीचं. विंगलेट लावलेली विंग विरुद्ध न लावलेली विंग अशी तुलना केली तर विंगलेट जिंकणारच, त्यात काय मोठं! तेवढंच मटेरियल आडवं वाढवून, म्हणजे स्पॅन वाढवून बघा. स्पॅनवरचा लोड फाइलमध्ये मिळतो, त्यावरून रूटचा बेंडिंग मोमेंट (विंगला मुळाशी वाकवणारा जोर) एक्सेलमध्ये काढा, दोन्हीकडे तो सारखा ठेवा आणि मग ड्रॅग तोला. बऱ्याचदा साधी वाढवलेली विंग विंगलेटच्या तोडीस तोड निघते. मग विमान कंपन्या विंगलेट का लावतात? एक मोठं कारण पार्किंगचं. एअरबस ए320 चा स्पॅन शार्कलेटसकट (एअरबसची विंगलेट) 35.8 मीटर आहे आणि त्या वर्गाच्या गेटची मर्यादा 36 मीटरच्या आत. बोइंगने 777एक्सला स्पॅन हवा होता तर विंगचं टोकच दुमडायचं केलं, उघडं 71.8 मीटर, दुमडून 64.8. रिचर्ड व्हिटकॉम्ब या इंजिनिअरने 1970 च्या दशकात नासात विंगलेटवर काम केलं, मग केसी-135 या लष्करी टँकर विमानावर उडवून इंधनात साधारण 6-7 टक्के फायदा दिसला, पण तो फायदा आधीच बांधलेल्या विंगवरचा होता हे लोक विसरतात.

तुमच्या आरसी विमानाला गेट नाही. स्पर्धेच्या नियमात स्पॅनची मर्यादा असेल तरच विंगलेटच्या मागे लागा, नाहीतर स्पॅन वाढवा आणि मोकळे व्हा. लावायचंच असेल आणि थ्रीडी प्रिंट करणार असाल तर एसटीएल (प्रिंटची फाइल) काढायच्या आधी ट्रेलिंग एज, म्हणजे विंगची मागची कड, थोडी जाड करून घ्या, टोकदार कड प्रिंटरला झेपत नाही, स्लायसर (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) ती सरळ गाळून टाकतो.