वीजदराची जनसुनावणी: लेखी हरकत की समोर बोलणे?

विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार, वीज कंपनीचा दरनिश्चितीचा अर्ज आल्यापासून १२० दिवसांत वीज नियामक आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन निर्णय द्यायचा असतो. हरकत दोन मार्गांनी पोचते.

लेखी हरकतीला वजन असते. प्रस्तावाचे पान, तक्त्याचा क्रमांक, आपला आक्षेप आणि हवा असलेला बदल असे चार भाग केले, तर कंपनीला त्याच मुद्द्यावर उत्तर द्यावे लागते. “दर वाढवू नका” एवढेच लिहिले की उत्तरही साचेबद्ध येते. अडचण अशी, की शेकडो पानांचा इंग्रजी प्रस्ताव शेतकऱ्याने वाचायचा कधी? म्हणून जुना आणि नवा दर, स्थिर आकार व १०० युनिटांचे बिल दाखवणारा मराठी गोषवारा सुनावणीच्या जाहीर सूचनेसोबतच हवा. हे अजिबात टाळू नये.

सुनावणीत कागदावर न येणारे कळते: रात्रीचा पुरवठा, मीटर न वाचता दिलेली सरासरी बिले, जळालेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). पण संघटित गट आधी बोलतात आणि वेळ संपतो. नोंदणीच्या क्रमाने, ठरावीक मिनिटे द्यावीत.

एकच निवडायचे तर लेखी. तोंडी मुद्देही त्याच दिवशी लिहून द्यावेत.