स्ट्रीट फायटर ६: पॅच फुकट, पण रिप्ले गेले

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा पॅच, म्हणजे खेळ बदलणारा अपडेट, आला की लोक आधी डॅमेजचा, म्हणजे फटक्याच्या ताकदीचा, आकडा बघतात. माझ्या लेखी त्याला फारशी किंमत नाही. डॅमेज घटलं तरी बोटं तेच करतात. फ्रेम, म्हणजे खेळातला वेळ मोजायचं सगळ्यात लहान माप, घटली की बोटांची सवयच मोडते. समजा, एक ठोसा लागल्यावर समोरच्याआधी हलायला ७ फ्रेमची आघाडी मिळायची आणि पुढचा ठोसा सातव्या फ्रेमला लागायचा. आघाडी ६ झाली की खेळ खलास. फरक सेकंदाच्या साठाव्या भागाचा, पण त्या लिंकवर, म्हणजे दोन ठोशांच्या जोडावर, बसवलेले सगळे कॉम्बो (सलग फटक्यांच्या माळा) गेले, आणि आपण उगाच कंट्रोलरवर संशय घेतो. ट्रेनिंगमधली, फ्रेम मोजून दाखवणारी हिरवी-लाल-निळी फ्रेमपट्टी अशा वेळी लाखमोलाची.

मी मॅनॉन हे पात्र घेऊन खेळतो. मे २०२४ मध्ये अकुमा या पात्रासोबत आलेल्या पॅचने पडून उठताना ड्राइव्ह रिव्हर्सल, म्हणजे ड्राइव्ह गेजचे बार खर्चून समोरच्याला झटकणारा फटका, दिला. मॅनॉनकडे सुपर (गेज भरल्यावर मिळणारा खास हल्ला) नसेल तर उठताना सुटकाच नव्हती. कोपऱ्यात सापडली की मुकाट मार खायचा. दोन बार मोजून सुटायची सोय झाली म्हणून मी जाम खूश.

पण ही सोय समोरच्यालाही मिळाली! पूर्वी त्याला पाडलं की सरळ कमांड ग्रॅब, म्हणजे ब्लॉक करता न येणारी पकड. ग्रॅब लागला की मॅनॉनचं मेडल वाढतं, तसा ग्रॅबचा मारही वाढतो, पाचपर्यंत, आणि ते पुढच्या राउंडलाही टिकतं. आता अधूनमधून हात आवरून ब्लॉक धरावा लागतो. सुरुवातीला याचा वैताग आला. काही महिन्यांनी मात्र हाच डाव आवडू लागला: समोरचा घाबरून रिव्हर्सल मारतो, मी ब्लॉक करतो, सहापैकी दोन बार त्याचेच जातात. पुढे तो बर्नआउटमध्ये (सगळे बार संपलेल्या अवस्थेत) गेला की मजा माझी.

माझा खरा राग रिप्लेवर, म्हणजे साठवलेल्या जुन्या लढतींच्या बाबतीत. व्हर्जन बदललं की जुने रिप्ले चालत नाहीत. कारण कळतं: रिप्लेत व्हिडिओ नसतो, दाबलेल्या बटणांची नोंद असते, नियम बदलले की तीच बटणं भलतीच लढत दाखवतील. मान्य. पण मग जुने नियम ठेवा ना बाजूला! २०१४ च्या अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ मध्ये एडिशन सिलेक्ट होतं, त्याच पात्राची जुनी आवृत्ती निवडून खेळता यायची. निदान ट्रेनिंगपुरतं तेवढं द्या. पॅच फुकट असतो, धर्माची गाय आणि दात का गं नाय, हे ठाऊक आहे. पण नवी पात्रं आम्ही विकतच घेतो की.

चार तारे. पॅचची तारीख जाहीर झाली की आवडत्या लढतींचा व्हिडिओ करून ठेवा.